कुवलयानंदांची अमळनेरची वर्षे

स्वामी कुवलयानंदांची ओळख सहसा लोणावळ्यापासून सुरू होते. १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. पण त्याआधीच्या नोंदी तारखांप्रमाणे ओळीने लावल्या, की अमळनेर मधोमध येते.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव. जन्म ३० ऑगस्ट १८८३, डभोई. घरची गरिबी, तरी १९०३ मध्ये मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. बडोदा कॉलेजात असताना, १९०७ ते १९१० या काळात, जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांनी त्यांना घडवले. १९१० मध्ये ते पदवीधर झाले.

पुढे अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीला त्यांनी हातभार लावला आणि १९१६ मध्ये ते तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तिथली राष्ट्रीय वृत्ती सरकारला खुपली आणि १९२० मध्ये महाविद्यालय बंद पडले. अमळनेरचे महाविद्यालय गेले, तरी गुण्यांचे शिकवणे १९२३ पर्यंत चालू राहिले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. उड्डियान आणि नौली या योगक्रियांचे क्ष-किरण प्रयोग त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात १९२०-२१ मध्ये केले. म्हणजे योगाला प्रयोगशाळेत नेणारा हा माणूस तेव्हा पेशाने शिक्षक होता. ‘योगमीमांसा’च्या पहिल्या खंडात ते प्रयोग छापले आहेत. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब उतरतो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्यातून होणाऱ्या पोकळीला आपले गुरू परमहंस माधवदासांचे नाव दिले.

दुसरा पुरावा १९३६ च्या ‘यौगिक संघव्यायाम’ या पुस्तकाचा. एकट्याने करायची आसने इथे रांगेत उभ्या मुलांसाठी, हुकुमावर करायची म्हणून बसवली आहेत. माणिकरावांची सांघिक कवायत आणि अमळनेरच्या वर्गातला अनुभव यांखेरीज या मांडणीचा उगम मला दिसत नाही. हे अनुमान आहे, पण तारखा त्याच्या बाजूने उभ्या आहेत.

म्हणून भारतीय शारीरिक शिक्षणाच्या इतिहासात अमळनेरला वाटेतला मुक्काम म्हणून सोडून देता येणार नाही. योग शाळेत शिकवता येईल असा करायचा, ही गरज गुण्यांपुढे खानदेशातल्या विद्यार्थ्यांनी ठेवली.