नांगराचा कारखाना आणि वाचकांचा मेळा

जाहिरात म्हटली की सुशिक्षित मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडते. त्यातून ती समाजमाध्यमांवरची जाहिरात असली तर विचारूच नका. शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला की दोन तट ठरलेले असतात. तरुण शिक्षक म्हणतात, ‘ब्रँड’ नावाची गोष्टच मुळी फेसबुक-इन्स्टाग्रामने जन्माला घातली; आणि निवृत्तीला टेकलेले आम्ही म्हणतो, त्याच फेसबुकने आमचा समाज बाजारात नेऊन बसवला. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला दोन्ही पक्ष सारखेच अडाणी वाटतात. माणसे रमतात तिथे दुकानदार जातो, आणि चतुर दुकानदार तर माणसे रमावीत म्हणून स्वतःच मांडव घालतो. ही रीत पुरातन आहे, आणि तिचा एक ठळक अध्याय आपल्याच बेळगावातून सुरू झालेला आहे.

आधी शब्दाबद्दल थोडेसे. ब्रँड या शब्दाला आपल्याकडे प्रतिशब्द शोधत बसण्याची गरज नाही. तो आपल्या आजीच्या तोंडी होता. छाप! घोडाछाप, उंटछाप, सिंहछाप. काडेपेटी, विडी, तपकीर, साबण यांतला कोणताही माल घ्या, त्यावर चित्र असायचे आणि गिऱ्हाईक ते चित्र मागायचे. माल बनवणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक नसे, ठाऊक असण्याचे कारणही नसे. आपल्या भागात तर या चित्रांनी मोठेच काम केले. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी तीन घरे एकाच वाण्याच्या फळीपुढे उभी असत. तिघांची अक्षरे निराळी, पण घोडा तिघांना सारखाच दिसे. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतील एक म्हातारी बोट दाखवूनच साबण घ्यायची. तिला एकही लिपी येत नव्हती, पण चुकीची वडी हातात दिली तर ती दुकानदाराच्या अंगावर टाकायची. विश्वासाचा शिक्का म्हणतात तो हाच.

आता मुख्य विषयाकडे येतो. बेळगावातल्या किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो, पण ज्यांच्यामुळे ते नाव पडले त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकिगत नव्या पिढीला फारशी माहीत नसते. जन्म 1869 सालचा, गाव गुर्लहोसूर, आपल्याच जिल्ह्यातले. (संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गुर्लहोसूरचे; एका खेड्याने रंगभूमी आणि कारखानदारी दोन्ही दिली, हे अजब नव्हे काय?) लक्ष्मणराव मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण रंगांधळेपणा निघाल्यामुळे ती वाट बंद झाली आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याचे काम, मग बेळगावात बंधूंबरोबर सायकलींचे दुकान, मग कडबा कापायची यंत्रे आणि मग लोखंडी नांगर.

या नांगरापाशी जरा थांबले पाहिजे. लाकडी नांगराची सवय असलेला शेतकरी लोखंडी नांगराला हात लावीना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. आपण हसतो, पण ज्याचे सारे वर्ष एका हंगामावर टांगलेले असते, त्याने परक्या वस्तूवर संशय घ्यायचा नाही तर कोणी घ्यायचा? पहिले काही नांगर विकले जायला फार काळ लागला. म्हणजे माल चांगला, कारागिरी चांगली, आणि तरीही गिऱ्हाईक नाही. जाहिरातीचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. घोड्याचे चित्र छापून हा नांगर खपला नसता. शेतकऱ्याच्या डोक्यातली समजूत बदलायला हवी होती, आणि समजूत बदलणे हे काम दुकानदारापेक्षा शिक्षकाच्या धंद्याला जवळचे आहे.

पुढे नगरपालिकेच्या योजनेत बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला आणि 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. बेळगावने काय गमावले याचा हिशेब मी इथे मांडत नाही. तो मांडायला बसलो तर हा अंक पुरणार नाही.

त्या माळावरून 1920 साली एक लहानसे नियतकालिक निघाले. नाव ‘किर्लोस्कर खबर’. काढणारे शंकर वासुदेव किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे. महाराष्ट्र त्यांना पुढे ‘शंवाकि’ म्हणून ओळखू लागला. हेतू सरळ होता. कारखान्यातली बातमी गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोहोचवायची. आजच्या भाषेत सांगायचे तर कंपनीने आपले स्वतःचे पान उघडले आणि आपल्या मंडळींना त्याचे अनुयायी केले.

पण नुसत्या नांगराच्या बातम्या कोण वाचणार? नांगर एकदा घेतला की बरीच वर्षे पुन्हा घ्यावा लागत नाही. मधल्या काळात त्या माणसाशी बोलायचे तरी काय? शंवाकिंची थोरवी ही, की त्यांनी हा प्रश्न ओळखला. ते स्वतः चित्रकार होते, त्यांची ‘टाकांच्या फेकी’ ही व्यंगचित्रे पुढे गाजली. त्यांनी ‘खबर’मध्ये उद्योगाची गोष्ट आणली, स्वावलंबनाची आणली, कर्तबगार माणसांची चरित्रे आणली, हसू आणले. हळूहळू ज्यांच्या घरात शेत नव्हते, बैल नव्हता, नांगराशी ज्यांचा सात पिढ्यांत संबंध नव्हता, असे कारकून, वकील आणि मास्तरही तो अंक वाचू लागले. 1929 साली ‘खबर’ हा शब्द गळला आणि मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. 1930 साली ‘स्त्री’ निघाले, 1934 साली ‘मनोहर’.

आमच्या भागातील एका वाचनालयात ‘किर्लोस्कर’चे जुने बांधीव खंड आहेत. एम.ए.च्या वर्षांत मी ते चाळले आणि नंतरही उन्हाळ्याच्या सुट्टीत चाळत आलो आहे. त्यांतली मला मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे धीटपणा. पंपाचा आणि नांगराचा कारखानदार कोणाला दुखवू नये अशा धोरणाने चालतो, कारण देवभोळा शेतकरीही त्याचा गिऱ्हाईक आणि कर्मठ जमीनदारही. असे असताना हे मासिक अंधश्रद्धेवर आणि जुन्या रूढींवर सरळ आघात करीत राहिले. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच ‘किर्लोस्कर’मधून आले. ते विचार कोणाला पटोत वा न पटोत, धंद्याच्या पैशावर चालणाऱ्या मासिकाने ते छापले ही गोष्ट लहान नव्हे. ‘स्त्री’ने तर घरातल्या बाईला वाचायलाच नव्हे, लिहायलाही बसवले.

यात कंपनीचा फायदा झाला नाही, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. ‘किर्लोस्कर’ हा शब्द घरोघर गेला आणि पंप घेताना तो शब्द ओठावर आला. पण वाचकाला कोणी फसवले नव्हते. मासिकाच्या कपाळावर कारखान्याचेच नाव होते. आणि आत मिळत होते ते मासिक म्हणूनच चोख होते. मनोरंजनाच्या पोटात जाहिरात लपवणे वेगळे आणि आपल्या नावाने चांगले वाचन देणे वेगळे. आजचे विपणनाचे गुरू ‘आशय द्या, माल आपोआप खपेल’ असे शिकवतात आणि त्याची फीही घेतात. शंवाकिंनी ते शंभर वर्षांपूर्वी कुंडलच्या माळावर करून दाखवले होते.

दुसरा दाखला आकाशवाणीच्या काळातला, आणि तो सगळ्यांच्या ओळखीचा. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठीच गृहस्थ केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताची आवड चांगलीच; पण तिच्यापायी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार होत गेली. लोक काय करणार? त्यांनी काटा फिरवला आणि सिलोन लावले. तिथे त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. खर्च एका टूथपेस्टचा, आवाज अमीन सयानी यांचा. बुधवारी रात्री आठला पानपट्टीच्या दुकानापुढे गर्दी जमे, आणि ती टूथपेस्टची जाहिरात ऐकायला जमे असे कोणीच म्हणणार नाही.

इथे एक गोष्ट नवी होती. श्रोत्याला भाग घेता येत होता. गावोगाव श्रोता संघ निघाले, त्यांची पत्रे जात, गाण्यांच्या क्रमवारीत त्यांच्या पसंतीला मोल असे. झुमरीतलैया हे आडबाजूचे गाव तर फर्माइशीची पत्रे लिहून लिहून साऱ्या देशात प्रसिद्ध झाले. आमच्या आळीतला एक मुलगा दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकायचा. एकदा कुठल्याशा फर्माइशीच्या कार्यक्रमात त्याचे नाव वाचले गेले, तेव्हा तीन दिवस तो जमिनीवर चालत नव्हता. 2009 साली फेसबुकने ‘लाइक’चे बटण आणले, तेव्हा मला त्या मुलाची आठवण झाली. आपले नाव चारचौघांत घेतले जावे, ही भूक तीच आहे. पोस्टकार्डाला आठवडा लागत असे, आता निमिषही लागत नाही.

आणि सरकारही शेवटी शहाणे झाले. 1957 साली विविध भारती आली, 1967 पासून तिच्यावर जाहिराती आल्या. लोकांच्या आवडीशी भांडून नभोवाणी चालत नाही, हे कळायला पंधरा वर्षे लागली.

आता आजच्या मांडवात येऊ. फेसबुक आणि ऑर्कुट ही दोन्ही 2004 सालची, व्हॉट्सअ‍ॅप 2009 चे, इन्स्टाग्राम 2010 चे. आपल्याकडे मात्र खरा पूर आला तो 2016 नंतर, इंटरनेट स्वस्त झाले तेव्हा. त्यात आनंद नाही असे मी म्हणणार नाही. वडोदऱ्याला दिलेली बहीण, पुण्यात स्थिरावलेला भाचा, हैदराबादची आत्या यांचे गणपती आपण एकाच संध्याकाळी पाहतो. सीमाभागातल्या मराठी कुटुंबांची पांगापांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा गट पहाटे पाचपासून ‘शुभ प्रभात’च्या फुलांनी भरून वाहतो. त्याचा ताप होतो, पण शाळेच्या छपराची पत्रे बदलायची वेळ आली तेव्हा पैसेही याच गटातून उभे राहिले.

फरक आहे तो मांडवाच्या मालकीत. ‘किर्लोस्कर’चा मांडव कारखानदाराने घातला होता आणि वाचक त्याचे पाहुणे होते. इथे मांडव तिसऱ्याचाच; दुकानदारही पाहुणा, गिऱ्हाईकही पाहुणा, आणि तिसऱ्याचा धंदा म्हणजे या दोघांची गाठ घालून देण्याचे पैसे घेणे. आपल्या पानाला हजार अनुयायी असले तरी आपला मजकूर हजारांना दिसत नाही; थोड्यांनाच दिसतो, आणि जास्त जणांना दाखवायचा तर दाम मोजावे लागतात. 2018 च्या जानेवारीत फेसबुकने धंदेवाईक पानांपेक्षा आप्तमित्रांच्या मजकुराला पुढे बसवायचे ठरवले, आणि फुकटच्या प्रसिद्धीवर विसंबलेले अनेक लहान दुकानदार रातोरात मागच्या रांगेत गेले. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. आमच्या एका तुकडीच्या मुलांनी तिथे शाळेच्या आठवणींचा चांगला संग्रह केला होता, तो आज कुठेच नाही. 29 जून 2020 रोजी आपल्या देशात टिकटॉकवर बंदी आली. कारण राष्ट्रसुरक्षेचे होते, त्यावर मला वाद घालायचा नाही. पण खेड्यापाड्यातले कितीतरी कलावंत आणि विक्रेते आपला सारा मेळा एका रात्रीत गमावून बसले. 1930 सालचा ‘किर्लोस्कर’ मात्र वाचनालयाच्या कपाटात आहे, थोडी वाळवी लागलेला, पण आहे.

भाषेचेही पाहा. पूर्वी मराठी घरात शिरायचे तर कारखानदाराला मराठी लिहावी लागे, म्हणून शंवाकिंनी ती चांगली लिहिली आणि लिहवून घेतली. आज आमची मुले मराठी बोलतात, पण मराठी माल विकतानाही रोमन अक्षरांत ‘Aai’ची ‘आई’ शोधायला लावतील अशा वळणाने लिहितात. मी वर्गात त्यांना सांगतो, बाबांनो, फोनवर देवनागरीचा फलक फुकट मिळतो, आणि कन्नडचाही!

वडगावच्या विणकर घरातली माझी एक माजी विद्यार्थिनी हे जाणून आहे. घरची साडी ती व्हॉट्सअ‍ॅपवर विकते. व्यवसायासाठीचे त्याचे वेगळे रूप 2018 साली निघाले, ते ती वापरते. प्रत्येक साडीखाली ती मराठीत चार ओळी लिहिते आणि त्याच मजकुराच्या चार ओळी कन्नडमध्ये. भाषांतर नव्हे, त्या त्या गिऱ्हाइकाशी त्याच्या रीतीने बोलणे. पदर कसा विणला, काठाचा रंग कसा निवडला, सासऱ्यांच्या मागावर पूर्वी काय निघत असे, असे सगळे त्यात असते. साडी न घेणाऱ्या बायकाही ते वाचतात, असे ती सांगते. दर महिन्याच्या अखेरीस ती सगळ्या गिऱ्हाइकांची नावे आणि पत्ते फोनमधून काढून एका जाड वहीत शाईने उतरवते. वहीचे तिसरे बाड आता सुरू आहे. किर्लोस्करांची ‘खबर’ तिने पाहिलेली नव्हती. गेल्या मे महिन्यात मी तिला वाचनालयात नेऊन एक खंड दाखवला. तिने आधी मजकूर वाचला नाही, कडेच्या जाहिराती पाहिल्या, आणि मग विचारले, “सर, हे लोक वाचकांचे पत्ते कुठे लिहून ठेवत असतील हो?”