कोल्हापुरी चप्पल घेताय? आधी जोड उलटा करून बघा

अंबाबाईचं दर्शन झालं की पर्यटकांची पावलं आपोआप चप्पल लाईनकडे वळतात. दुकानांत टांगलेले जोड एका भावाचे, तर रस्त्याकडेच्या स्टॉलवरचे तसेच दिसणारे जोड बरेच स्वस्त. ‘ओरिजिनल कोल्हापुरी’ असं मात्र दोन्हीकडे सांगतात. मग ओळखायचं कसं?

जोड उलटा करा. पारंपरिक कोल्हापुरीत खिळा नसतो, तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, म्हणून नवी चप्पल थोडी कडक लागते आणि दोन्ही पायांचा रंग अगदी तंतोतंत जुळेलच असं नाही. पट्ट्याची कापलेली कडही बघा. आत कापडाचा थर दिसला तर ते रेक्झिन. दुकान मोठं आहे म्हणून ही तपासणी टाळू नका.

‘ही अथणीची आहे, म्हणजे डुप्लिकेट’ हा मात्र गैरसमज. 2019 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं आहे. अथणी बेळगाव जिल्ह्यातच येते.

जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये अशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. त्यावरून मोठा गदारोळ झाला. पण कारागिराची रोजची स्पर्धा मिलानशी नाही, शेजारच्या स्टॉलवरच्या रेक्झिनशी आहे. चामडं कमावणं, कापणं, वेण्या घालणं, शिवणं अशी सगळी कामं अनेक हातांतून जातात. त्यात 2015 च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कच्च्या मालाची अडचण वाढली. घासाघीस जरूर करा, बाजारच तो! पण रेक्झिनचा भाव दाखवून चामड्याच्या जोडाची किंमत पाडली, तर कात्री शेवटी शिवणाऱ्याच्या मजुरीला लागते.

माप घेताना दोन्ही पायांत घालून चार पावलं चाला. घरी आल्यावर चपलेला हलकं तेल लावा आणि तिला पाण्यापासून जपा. पावसाळ्यात खरेदी केली असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी येते. कागदात गुंडाळून पाऊस सरेपर्यंत कोरड्या जागी ठेवा.