पडद्यावरची यिद्दिश

पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोलभाषा यिद्दिश. बोलपटांमुळे तिला पडद्यावर स्थान मिळाले, आणि 1936 ते 1939 हा या चित्रपटांचा बहराचा काळ ठरला. जोसेफ ग्रीन अमेरिकेतून पोलंडला गेले आणि मॉली पिकनला घेऊन त्यांनी 1936 मध्ये 'यिडल मिटन फिडल' हा संगीतपट काढला. गरीब बापाची लेक मुलाचा वेश घेऊन गावोगाव व्हायोलिन वाजवत फिरते, अशी त्याची गोष्ट.

या परंपरेतली सर्वांत मोलाची कृती मात्र 1937 चा 'डिबुक'. मूळ नाटक लिहिणाऱ्या अन्स्कींनी पहिल्या महायुद्धाआधी खेड्यापाड्यांतून लोककथा, गाणी आणि चालीरीती गोळा केल्या होत्या. नाटकाला त्याच शोधयात्रेची बैठक आहे. दोन मित्र आपल्या होणाऱ्या मुलांचे लग्न ठरवतात, एक बाप पुढे वचन विसरून मुलीचे लग्न दुसरीकडे ठरवतो. तिचा प्रियकर, त्या मित्राचाच मुलगा, मरतो आणि त्याचा आत्मा नवरीला झपाटतो. भुताची ही गोष्ट खरे तर मोडलेल्या शब्दाची आणि पैशाला भुललेल्या बापाची आहे. ज्युडिथ बर्ग यांनी बसवलेले मृत्यूचे नृत्य आजही अंगावर काटा आणते. दिग्दर्शक मिखाऊ वाशिन्स्की स्वतः ज्यू घरात जन्मलेले, पण पुढे कॅथलिक झालेले.

अमेरिकेत मॉरिस श्वार्ट्झ यांनी 1939 मध्ये 'तेव्ये' काढला. लेकीच्या परधर्मीय विवाहाने तुटलेले घर हा त्याचा विषय. त्याच वर्षी नाझी फौजा पोलंडमध्ये शिरल्या. तिथले हे चित्रपट पाहणारे बहुतेक ज्यू आणि ते काढणारे अनेक जण पुढे नाझींच्या संहारात मारले गेले. उरलेल्या अनेक चित्रपटांची डागडुजी 1976 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ज्यू चित्रपटांच्या राष्ट्रीय केंद्राने केली.