तपासणी, झडती, मुआयना : लखनौ आणि पुणे यांच्या साहित्येतिहासातील निरोगी शरीर

मराठीत ‘तपासणी’ हा शब्द अनेक घरी नांदतो. नाक्यावर मालाची तपासणी होते, परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांची होते आणि दवाखान्यात शरीराचीही होते. त्याचा सख्खा भाऊ ‘तपास’ तर थेट पोलीस ठाण्यातच राहतो. उर्दूतील ‘मुआयना’ या शब्दाची कथा वेगळी नाही. त्याच्या मुळाशी अरबीतील ‘ऐन’ म्हणजे डोळा आहे. साहेब शाळेचा मुआयना करतो आणि डॉक्टर रोग्याचा. हिंदीतील ‘जाँच’ गुन्ह्याची असते, तशीच रक्ताचीही. तीन भाषांनी अधिकारी आणि वैद्य यांच्या पाहण्याला एकच शब्द द्यावा, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आजाऱ्याला वैद्याने पाहणे ही जुनी रीत आहे. परंतु ज्याला काहीही होत नाही अशा माणसाला ठराविक मुदतीने पाहणे ही आधुनिक राज्यसंस्थेने आणलेली रीत होय. आणि तिची पहिली मोठी ओळख भारतीय समाजाला शुश्रूषेच्या रूपाने नव्हे, तर संशयाच्या रूपाने झाली. या ओळखीचे पडसाद उर्दू आणि मराठी लेखनात कसे उमटले, हे लखनौ आणि पुणे या दोन शहरांच्या आधारे पाहणे उद्बोधक ठरेल.

१८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी उठाव झाला. उठावानंतर नव्याने वसवलेल्या लखनौत गोऱ्या फौजेचे आरोग्य ही प्रशासनाची मोठी चिंता होती. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगांविषयीचा कायदा यांच्या आधारे शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी, त्यांची ठराविक मुदतीने सक्तीची तपासणी आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये रवानगी, अशी व्यवस्था उभी राहिली. तपासणी स्त्रियांची होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या शिपायांवर तशी सक्ती या कायद्यांनी केली नव्हती. वीणा तलवार ओल्डनबर्ग यांनी लखनौच्या दप्तरांचा धांडोळा घेऊन दाखवले आहे, की शहरातील तवायफा १८५८ ते १८७७ या काळातील करवसुलीच्या वह्यांत सर्वाधिक उत्पन्न असलेल्या वर्गात नोंदल्या गेल्या होत्या. म्हणजे एका वहीत ती धनवान नागरिक होती आणि दुसऱ्या वहीत रोगाचे संशयित ठिकाण. या स्त्रियांचा प्रतिकारही ओल्डनबर्ग यांनी टिपला आहे. दाईला पैसे देऊन तपासणी चुकवणे किंवा खासगी डॉक्टरकडून निरोगीपणाचा दाखला मिळवणे हे त्याचे मार्ग होते. भारतातील हा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १८९९ मध्ये, मिर्झा हादी रुस्वा यांची ‘उमराव जान अदा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका लखनौच्या कोठ्यावर वाढलेली तवायफ आणि शायरा आहे, आणि आपली कहाणी ती स्वतः लेखकाला सांगते. सरकारी नोंदवहीत तिच्या वर्गातील स्त्रीला केवळ शरीर होते. कादंबरीत तिला स्मृती, अभिरुची आणि जबान मिळते. या दोन दस्तऐवजांना शेजारी ठेवून वाचले, की कादंबरीतील आत्मनिवेदनाचा आकृतिबंध हा केवळ कथनतंत्राचा प्रश्न उरत नाही. जिच्याकडे पाहिले जात होते, ती येथे बोलू लागते.

पुण्यात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचे निदान झाले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने मार्चमध्ये गोऱ्या शिपायांकरवी घरोघर शोध सुरू केला. पुण्याच्या लोकांनी त्यासाठी वापरलेला शब्द तपासणी हा नसून ‘झडती’ हा होता, हे लक्षणीय आहे. शिपाई देवघरात आणि माजघरात शिरले; गाठ आली आहे का हे पाहण्यासाठी पुरुषांना व स्त्रियांना परक्यांसमोर उभे केले गेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली.

दोन्ही शहरांतील घटनांची तुलना करताना एक भेद नजरेत भरतो. लखनौत ज्या स्त्रियांची तपासणी झाली त्यांना ‘अब्रू’ आहे असे समाजच मानत नव्हता. म्हणून त्यांच्यासाठी कोणी अग्रलेख लिहिला नाही. पुण्यात घरंदाज स्त्रीची अब्रू पणाला लागली आणि वृत्तपत्रे पेटून उठली. मात्र तिच्या वतीने बोलले ते बहुतांशी पुरुष. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल तक्रार केली, हा अपवाद ठळकपणे नोंदवायला हवा. रमाबाईंचा आक्षेप औषधोपचारावर नव्हता. ज्या रीतीने तो लादला जात होता, त्या रीतीवर होता. निषेधाच्या एकूण गदारोळात हा सूक्ष्म भेद फारसा कोणी लक्षात घेतला नाही.

संशयाच्या जागी विश्वास यायचा, तर पाहणारा डोळा बदलणे आवश्यक होते. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडाने स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टरांची व्यवस्था उभारण्यास आरंभ केला. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून एम.डी. झाल्या. परंतु डॉक्टर स्त्री आहे, एवढ्याने प्रश्न सुटतो का? हा प्रश्न साहित्यात निर्भीडपणे मांडला तो रशीद जहाँ यांनी. १९०५ मध्ये अलीगढमध्ये जन्मलेल्या, लखनौच्या इझाबेला थॉबर्न कॉलेजात आणि नंतर दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात शिकलेल्या रशीद जहाँ स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. डिसेंबर १९३२ मध्ये लखनौतून प्रसिद्ध झालेल्या ‘अंगारे’ या संग्रहात त्यांची ‘परदे के पीछे’ ही एकांकिका आहे. तीत दोन बेगमा बोलत बसतात. त्यांतील एक लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेली आहे. डॉक्टरीण तिला तपासते, सल्लाही देते. पण त्या सल्ल्याचे पालन करण्याचा अधिकार बेगमेच्या हाती नाही. तिच्यावर झालेली शस्त्रक्रियासुद्धा नवऱ्याच्या सुखासाठी आहे. डॉक्टरणीला पडद्याआड प्रवेश मिळाला, तरी पडद्याआडच्या स्त्रीला निर्णय मिळाला नव्हता, हे या छोट्या नाटकाचे निदान आहे. मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने ‘अंगारे’ जप्त केले. धर्मनिंदेच्या आरोपाइतकाच क्षोभ स्त्रीने स्त्रीशरीराविषयी इतक्या उघडपणे लिहिल्याचा होता.

मुंबईत त्याच काळी र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते. १९२७ पासून १९५३ मधील त्यांच्या निधनापर्यंत चाललेल्या या मासिकाने लैंगिक आरोग्याची चर्चा साध्या, रोखठोक मराठीत केली. त्यापायी अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वे आणि रशीद जहाँ यांचा परस्परांशी संबंध आल्याचे गृहीत धरण्याचे कारण नाही. तरीही दोघांचा खटाटोप एकच होता : जे अवयव तपासायचे, त्यांची नावे भल्या घरात उच्चारता आली पाहिजेत. कर्व्यांनी त्यासाठी निबंध व प्रश्नोत्तरे निवडली, रशीद जहाँ यांनी बायकांची बोली निवडली. कर्व्यांची भाषा तर्काने पटवते. रशीद जहाँ यांची भाषा ऐकणारीला आपल्याच अंगणात बसल्यासारखे वाटायला लावते. आरोग्यविषयक लेखनाच्या अभ्यासात हा फरक दुय्यम नाही.

जुलै १९५२ मध्ये मॉस्को येथे रशीद जहाँ यांचे गर्भाशयाच्या कर्करोगाने निधन झाले. पेशींच्या तपासणीतून असा कर्करोग ओळखण्याची पापानिकोलाऊ आणि ट्राउट यांची पद्धत १९४३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. लखनौत किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजच्या क्वीन मेरी रुग्णालयात एप्रिल १९७१ पासून अशी पेशीतपासणी नियमितपणे होऊ लागली. २००५ पर्यंतच्या पस्तीस वर्षांत तेथे ३६,४८४ स्त्रिया तपासल्या गेल्या. संख्या मोठी आहे. परंतु या स्त्रिया रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या होत्या. कोणतीही तक्रार नसताना घरातून निघालेली स्त्री हे अद्याप दुर्मीळ दृश्य होते. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अशा तपासण्यांची जी तत्त्वे मांडली, त्यांत चाचणी लोकांना स्वीकारार्ह असावी हेही एक आहे. इतिहासाच्या दृष्टीने पाहता, सर्वांत अवघड तत्त्व तेच ठरते.

दुसरीकडे, महाराष्ट्रात बार्शीच्या ग्रामीण कर्करोग प्रकल्पाने तपासणी गावात नेली. तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तुलनेच्या गटात ६४. तुलनेच्या गटाला प्रकल्पातर्फे तपासणी दिली गेली नव्हती, आणि ते योग्य होते का यावर पुढे वाद झाला. एकीकडे तपासणीची सक्ती आणि दुसरीकडे तपासणीवाचून राहणे. दोन्ही ठिकाणी प्रश्न संमतीचाच आहे.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांच्या नियमित तपासणीची चौकट आखली. तीत रक्तदाब, मधुमेह आणि मुखाचा कर्करोग यांसाठी दोघांची, तर स्तन व गर्भाशयमुखासाठी स्त्रियांची तपासणी येते. ज्या पुरुषाला १८६४ च्या कायद्याने वगळले होते, तो आता यादीत आहे. तथापि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयोगटात गर्भाशयमुखाची तपासणी कधीही करून घेतलेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के होत्या, आणि मुखाची तपासणी करून घेतलेले पुरुष १.२ टक्के. या आकड्यांमागे साधनांची, मनुष्यबळाची आणि पैशाची उणीव आहेच. परंतु ‘तपासणी’ या शब्दावरचा जुना संशयही त्यांत नसेलच असे म्हणवत नाही. आशा कार्यकर्ती जेव्हा दारात येऊन, काही होत नसले तरी दाखवून घ्या, असे सांगते, तेव्हा झडतीचा आणि मुआयन्याचा दीड शतकाचा इतिहास तिच्या पाठीशी उभा असतो. उमराव जानचे आत्मनिवेदन, रमाबाईंचे पत्र, बेगमांचा संवाद आणि कर्व्यांची प्रश्नोत्तरे यांनी त्या इतिहासाला दिलेले उत्तर एकच आहे : तपासल्या जाणाऱ्या माणसाला आधी बोलू द्यावे. हा साहित्याचा आग्रह आरोग्ययोजनेच्या चौकटीबाहेरचा मानण्याचे कारण नाही.