दांड्याभोवतीचे पाणी

विहिरीवर पंप बसवलेला शेतकरी एक गोष्ट ओळखून असतो. पंपाच्या दांड्याभोवतीची दोरी झिजली की पाणी गळू लागते. जमिनीवर ती चिखलाची बाब. समुद्रात मात्र जिवाशी गाठ!

एकोणिसाव्या शतकात आगबोटींची बाजूची चाके गेली आणि मागे, पाण्याखाली पंखा आला. पंखा फिरवायचा तर दांडा बोटीला भोक पाडूनच बाहेर काढणे आले. दांडा फिरला पाहिजे, पण पाणी आत शिरता कामा नये, हाच पेच. पितळी बेअरिंगे भराभर झिजत. १८५४ साली जॉन पेन या इंग्रज कारागिराने तेथे 'लिग्नम व्हिटी' या कठीण, तेलकट लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. पाणीच त्यांचे वंगण! तरी धोका टळला नव्हता. १८५५ साली क्रिमियाहून परतणाऱ्या 'रॉयल अल्बर्ट' या युद्धनौकेत दांड्याच्या वाटेने पाणी घुसले. ग्रीसच्या झिया बेटाच्या किनाऱ्याला लावली म्हणूनच ती वाचली.

आपल्या मुंबईत बांधलेली सागवानी 'मियानी' १८४८ साली पाण्यात उतरली, ती शिडाची म्हणून. १८५७ साली तिलाही पंखा बसला. म्हणजे हा पेच तिच्याही वाट्याला आला.

दोरीच्या कड्या बदलण्याची रीत आजही तीच आहे. जुनी दोरी पुरती काढावी, नव्या कड्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत आणि फार आवळू नये. दांडा फिरताना थेंब थेंब पाणी ठिबकले पाहिजे. त्यानेच तो थंड राहतो. अगदी कोरडा दांडा तापतो आणि कापला जातो. थोडे गळू देणे, हेच येथे शहाणपण!