तळघरातील चिकित्सा : लाफार्ग क्लिनिक आणि दुःखाच्या वाचनाचा प्रश्न

मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द वैद्याच्या उपचाराला लागतो, तसाच समीक्षकाच्या छाननीलाही. एरवी या दोन अर्थांचा परस्परांशी संबंध आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ८ मार्च १९४६ रोजी उघडलेल्या लाफार्ग क्लिनिकचा इतिहास पाहताना मात्र ते एकमेकांत गुंतलेले दिसतात. सेंट फिलिप्स एपिस्कोपल चर्चच्या तळघरात चालणाऱ्या या मानसोपचार केंद्राच्या उभारणीत एक मानसोपचारतज्ज्ञ होता, एक धर्मोपदेशक होता आणि एक कादंबरीकार होता. यांपैकी कादंबरीकाराचे तेथे काय काम, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारायला हवा.

या प्रश्नाला एक जुनी पार्श्वभूमी आहे. अमेरिकन वैद्यकाने कृष्णवर्णीयांच्या मनाचे वाचन केलेच नव्हते, असे नाही. त्याने ते मालकाच्या बाजूने केले होते. १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट या दक्षिणेतील डॉक्टराने पळून जाणाऱ्या गुलामाच्या वर्तनाला ‘ड्रेपेटोमेनिया’ असे रोगाचे नाव दिले. मुक्तीची इच्छा हेच लक्षण आणि तीच व्याधी! अशा निदानशास्त्राच्या छायेत वाढलेल्या समाजाला डॉक्टराच्या खोलीत शिरताना संशय वाटणे हे रोगाचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण होते. त्यामुळे हार्लेममध्ये उपचारकेंद्र काढणे म्हणजे केवळ सोय पुरवणे नव्हते. निदान कोणी करायचे आणि कोणाच्या वतीने, हा प्रश्न नव्याने मांडणे होते.

रिचर्ड राइटची ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी १९४० साली प्रसिद्ध झाली. जर्मनीत जन्मलेले आणि न्यूयॉर्कच्या सरकारी रुग्णालयांत काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचा राइटशी परिचय झाला आणि १९४४ साली त्यांनी या कादंबरीच्या निर्मितीमागील अबोध प्रेरणेवर एक निबंध लिहिला. राइटशी मुक्त साहचर्याच्या पद्धतीने बोलून, त्याच्या कुमारवयातील एका गोऱ्या कुटुंबातल्या नोकरीच्या स्मृतीशी कादंबरीतील निर्णायक प्रसंगाचा धागा त्यांनी जोडला. लेखक रुग्णाच्या आसनावर बसला आणि डॉक्टर समीक्षक झाला. दोन वर्षांनी हे दोघे रेव्हरंड शेल्टन हेल बिशप यांच्या साहाय्याने चर्चच्या तळघरात उतरले. म्हणजे या केंद्राची सुरुवात रुग्णतपासणीने नव्हे, तर एका संहितेच्या वाचनाने झाली होती.

केंद्राला नाव दिले ते पॉल लाफार्ग यांचे. क्यूबात जन्मलेले, आफ्रिकी रक्ताचा वारसा सांगणारे, पेशाने वैद्य आणि नात्याने कार्ल मार्क्सचे जावई. नावातच भूमिका होती : मनाचा विकार समाजाच्या रचनेपासून तोडून पाहायचा नाही. मोठ्या देणगीदार संस्थांचे पाठबळ मिळाले नाही, तेव्हा पैशाची वाट न पाहता काम सुरू करण्यात आले. आठवड्यातून दोन संध्याकाळी, मंगळवारी आणि शुक्रवारी, केंद्र उघडे असे. शुल्क पंचवीस सेंट. ज्याला तेही परवडत नसे त्याला माफ. डॉ. हिल्डे मोसे यांच्यासह सर्व डॉक्टर आणि सहायक, गोरे आणि काळे, विनावेतन काम करीत. वस्तीचा सहभाग येथे घोषणेच्या रूपात नव्हता. चर्चने दिलेल्या खोल्या, धर्मोपदेशकाच्या शब्दावर असलेला विश्वास आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितलेला पत्ता, या तीन आधारांवर केंद्र उभे होते. दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळीच वेळ मिळतो, हे वेळापत्रकाला ठाऊक होते.

राइटने त्याच वर्षी सप्टेंबरात ‘सायकिअ‍ॅट्री कम्स टू हार्लेम’ हा लेख लिहिला. त्याच्या वाचनाचा रोख आरोपपत्राचा आहे : नकार ही एक व्यवस्था आहे, ती माणसांची मने मोडते आणि मग मोडलेल्या मनांना उपचारही नाकारते. राल्फ एलिसनचे वाचन वेगळे आहे. १९४८ साली लिहिलेला त्याचा ‘हार्लेम इज नोव्हेअर’ हा निबंध ज्या नियतकालिकासाठी होता ते बंद पडल्याने १९६४ पर्यंत अप्रकाशित राहिला. हार्लेमच्या बोलीत ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला ‘कुठेच नाही’ अशा अर्थाचे उत्तर देण्याची रीत होती. एलिसन या बोलीतल्या उत्तरालाच निदानाचा दर्जा देतो. दक्षिणेतील शेतीजीवनातून उत्तरेच्या महानगरात आलेल्या माणसाचे कुटुंब, धर्म, लोकपरंपरा हे जुने आधार सुटले आणि नव्या जगाने त्याला जागा दिली नाही, ही स्थानहीनता त्याला महत्त्वाची वाटते. राइट दुःखाचे कारण दाखवतो. एलिसन दुःखिताने स्वतःच्या दुःखाला आधीच दिलेले नाव ऐकतो. दोघांतील हा फरक लहान नाही. पहिल्या वाचनात वस्ती हा पुरावा ठरतो. दुसऱ्यात ती स्वतःच भाष्यकार होते. १९५२ साली आलेल्या एलिसनच्या ‘इनव्हिजिबल मॅन’चा निवेदकही तळघरातच राहतो आणि कारखान्याच्या रुग्णालयात यंत्राचे विजेचे झटके सोसतो, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

वाचनाचे परिणाम वाचनापुरतेच राहत नाहीत, हे डेलावेअर राज्यातील शाळांच्या खटल्यांत दिसले. वर्णभेदी शाळांविरुद्धच्या या खटल्यांसाठी तेथील काळ्या आणि गोऱ्या मुलांची तपासणी लाफार्ग क्लिनिकमध्ये झाली आणि १९५१ साली वर्थम यांनी साक्ष दिली : विभक्त शाळा हीच मुलांच्या मानसिक स्वास्थ्याला बाधक आहे. १९५२ च्या निकालात न्यायाधीश कॉलिन्स साइट्झ यांनी या हानीची नोंद घेतली. पूर्वीच्या न्यायनिर्णयांनी हात बांधलेले असल्याने ‘विभक्त पण समान’ हे तत्त्व त्यांना मोडता आले नाही. परंतु शाळा समान नाहीत, या आधारावर त्यांनी मुलांना गोऱ्यांच्या शाळांत तत्काळ प्रवेश देण्याचा आदेश दिला. हे खटले पुढे १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालात समाविष्ट झाले. तळघरातला संवाद सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत पोचला.

त्याच १९५४ साली वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ प्रसिद्ध झाले. चित्रकथांमुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, या प्रतिपादनासाठी त्यांनी वापरलेल्या बालरुग्णांच्या हकिकतींत लाफार्गमधल्याही होत्या. त्यांची कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाल्यावर कॅरल टिली यांनी मूळ टिपणे छापील मजकुराशी ताडून पाहिली आणि २०१२ मध्ये दाखवून दिले, की मुलांची विधाने ठिकठिकाणी बदललेली, गाळलेली, एकमेकांत मिसळलेली आहेत. मुलांच्या घरातली हिंसा, हलाखी गळून पडली आणि चित्रकथेचा दोष तेवढा उरला. ज्या केंद्राने व्याधीचे मूळ समाजरचनेत शोधण्याची प्रतिज्ञा केली, त्याच केंद्रातील कागदांवरून समाजरचना पुसली गेली.

यावरून डेलावेअरची साक्षही खोटी ठरते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तेथे उलटतपासणी होती, दुसऱ्या तज्ज्ञांच्या साक्षी होत्या. पुस्तकातल्या मुलांना मात्र उलट प्रश्न करणारा कोणी वकील नव्हता. खरा धडा हा, की सहानुभूती ही वाचनाच्या प्रामाणिकपणाची हमी नव्हे. योग्य बाजूला उभा असलेला वाचकही संहितेला आपल्या प्रबंधाच्या मापाने कातरू शकतो.

आपल्याकडे १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरपासून नाव घेतले आणि जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत आणले, तेव्हापासून या दोन परंपरांची तुलना आपण करीत आलो आहोत. ही तुलना बहुधा विद्रोहाच्या अंगाने झाली. आत्मकथन हातात घेताना आपण त्यातल्या वेदनेचा पुरावा म्हणून उपयोग करतो की निवेदकाने तिला दिलेले नाव ऐकतो, हा लाफार्गच्या तळघरातून येणारा प्रश्न आपल्या समीक्षेलाही चुकवता येणार नाही.

लाफार्ग क्लिनिक १९५८ मध्ये बंद झाले. त्याच १९४६ साली केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने हार्लेममध्येच, तेही एका इमारतीच्या तळघरात, मुलांसाठी सुरू केलेले नॉर्थसाइड केंद्र टिकून राहिले. लाफार्गच्या रुग्णांनी स्वतः लिहिलेले आपल्या हाती फारसे नाही. त्यांचे बोलणे आपल्यापर्यंत येते ते कादंबरीकाराच्या लेखातून, निबंधकाराच्या चिंतनातून आणि डॉक्टराच्या टिपणांतून. मंगळवारी संध्याकाळी पंचवीस सेंट मुठीत धरून त्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाला आपले ऐकून घेतले जावे, एवढेच हवे होते. त्याचे म्हणणे पुढे कोणकोणत्या ग्रंथांत कसकसे उतरले, याची चिकित्सा करणे हे वैद्यांचे काम नाही; ते आपले आहे.