अंगणातील जीप

सुट्टीच्या दिवशी सकाळी जयपूरच्या तटाबाहेरील एखाद्या जुन्या बंगल्यासमोरून जाताना कित्येकदा एक दृश्य दृष्टीस पडते. पोर्चमध्ये एक जीप उभी असते. तिचे बॉनेट उघडलेले, पुढची दोन चाके काढून भिंतीशी टेकवलेली आणि आसासाठी लाकडाचे ठोकळे दिलेले. गाडीखालून दोन पाय तेवढे बाहेर दिसतात. ते पाय मिस्त्रीचे असतील असे पाहणाऱ्यास वाटते; पण ते असतात घरमालकाचे. मिस्त्री शेजारी स्टुलावर बसून चहा पीत असतो आणि अधूनमधून सूचना देत असतो.

मोटार बिघडली की ती कारखान्यात नेऊन सोडावी आणि संध्याकाळी बिल चुकते करून परत आणावी, ही सर्वसाधारण मालकाची रीत. जीपच्या बाबतीत ही रीत कधीच पुरती रुजली नाही. त्याचे कारण मालकांच्या हौसेत आहे तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या वाहनाच्या जन्मकथेत आहे.

१९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने देशातील १३५ कारखानदारांकडे एका हलक्या, चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनाची मागणी नोंदवली. पहिला नमुना तयार करण्यासाठी मुदत दिली होती अवघी ४९ दिवसांची. ती पाळून दाखवली पेनसिल्व्हेनियातील बँटम या लहानशा, डबघाईला आलेल्या कंपनीने. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने आखलेली तिची गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधील हॉलाबर्ड येथील लष्करी तळावर दाखल झाली. परंतु एवढ्या लहान कारखान्याच्या बळावर महायुद्धाची गरज भागणे शक्य नव्हते. शेवटी मोठे काम गेले ते विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन बड्या कंपन्यांकडे, आणि महायुद्ध संपेपर्यंत या दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बाहेर काढल्या. बँटमच्या वाट्याला आले ते जीपला जोडावयाच्या ट्रेलरचे काम.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विलीजच्या जीपचा कोणताही भाग फोर्डच्या जीपला बसलाच पाहिजे, असा सैन्याचा दंडक होता. फोर्डने आपल्या बोल्टांच्या माथ्यावरही इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवले, पण बोल्टाचे माप मात्र तेच राहिले. रणांगणात तीन मोडक्या गाड्यांतून एक धडधाकट गाडी उभी करता यावी, आणि ती उभी करणारा माणूस तज्ज्ञ नसला तरी चालावे, हा त्यामागचा हिशेब. जीप ही अशा रीतीने प्रथमपासूनच उघडून पुन्हा जोडण्यासाठी घडवलेली वस्तू होय. शिडीसारखी सरळ चेसी, खाली पोलादी पाटे, वर सपाट पत्रा. लपवाछपवी कोठे नाही. विलीजचे चार सिलिंडरांचे साठ अश्वशक्तीचे इंजिन बॉनेट वर करताच सर्व बाजूंनी हाताशी येते. आजच्या मोटारीचे बॉनेट उघडल्यावर काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाखेरीज फारसे काही दिसत नाही, हे आठवले म्हणजे यातील फरक कळतो.

हिंदुस्थानात जीप आली ती युद्धाबरोबर. युद्ध संपले आणि शिल्लक लष्करी सामान विक्रीस निघाले. ‘डिस्पोजलचा माल’ हा त्या काळी घरोघरी ठाऊक असलेला शब्द. चहामळेवाले, जंगलाचे ठेकेदार, शिकारी, संस्थानिक, अशा अनेकांना त्या मालातील जीप हवीशी वाटली. याच सुमारास, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी लुधियाना येथे ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावातील दुसऱ्या ‘एम’चा अर्थ बदलला. मुंबईच्या माझगाव भागात सुट्या भागांतून विलीज जीप जुळवण्यास आरंभ झाला तो याच कंपनीच्या हातून. पेटाऱ्यांतून आलेले भाग काढावयाचे आणि गाडी उभी करावयाची, हे काम तेथे मुंबईच्या कामगाराने केले. आणि आज जयपूरच्या अंगणात चालते ते काम एका अर्थी त्याचीच पुनरावृत्ती आहे.

जुनी जीप दुरुस्त करून नवीसारखी करता येते, या विश्वासाचा एक कडू अनुभवही स्वतंत्र भारताला लवकरच आला. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयामार्फत डागडुजी केलेल्या जीप मागवण्याचा करार झाला. रक्कम सुमारे ऐंशी लाख रुपये. प्रत्यक्षात १५५ गाड्या येऊन पोहोचल्या आणि त्या कामास निरुपयोगी ठरल्या. संसदेत वादळ उठले. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. वरून रंग दिलेली जीप आणि आतून बांधलेली जीप यांतील भेद राष्ट्राच्या तिजोरीला त्या वेळी असा महागात शिकावा लागला.

राजस्थानच्या भूमीला हे वाहन विशेष मानवले. पश्चिमेस वाळू, पूर्वेस अरवलीचे दगड. रस्ते उशिरा झाले, जीप आधी आली. परंतु जयपूर आणि जीप यांची सर्वांत उज्ज्वल गाठ पडली ती १९७१ च्या डिसेंबरात. जयपूरचे महाराज लेफ्टनंट कर्नल सवाई भवानीसिंग हे तेव्हा भारतीय सैन्याच्या दहाव्या पॅरा कमांडो तुकडीचे प्रमुख होते. जीप आणि जोंगा या गाड्यांत मशीनगनी बसवून ही तुकडी रात्रीच्या अंधारात थरच्या वाळवंटातून सिंधमध्ये शिरली आणि सरहद्दीपलीकडे सुमारे ऐंशी किलोमीटरवर असलेल्या छाछरोच्या ठाण्यावर तिने अचानक छापा घातला. एवढ्या अंतरावर गाडीचा पाटा मोडला किंवा रेडिएटर फुटला, तर मदतीला येणारे कोणी नव्हते. सैनिकाचा जीव आपल्या गाडीच्या अवस्थेवर अवलंबून होता. या कामगिरीबद्दल भवानीसिंगांना महावीरचक्र मिळाले. योगायोग असा की, त्याच डिसेंबरात घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या रद्द झाल्या. महाराजपद कायद्याने गेले. वाळवंटात मिळवलेले पदक तेवढे राहिले.

वर जिचा उल्लेख आला ती जोंगा म्हणजे निस्सान कंपनीच्या पेट्रोल नामक गाडीची जबलपूरच्या लष्करी कारखान्यात घडलेली आवृत्ती. नावाचा इंधनाशी संबंध नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ गस्त. तिचे सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरचे इंजिन मात्र खरोखरीचे पेट्रोल अधाशासारखे पिणारे. १९६९ पासून तीस वर्षे ही गाडी सैन्याची सेवा करीत राहिली. सेवेतून निवृत्त झालेल्या जीपा आणि जोंगा लष्करी डेपोंच्या लिलावांत निघत, आणि त्यांतील कितीतरी पंजाब, हरियाना, राजस्थान या भागांतील खाजगी मालकांच्या दारी येऊन पोहोचल्या.

लिलावातून आलेल्या गाडीवर पहिला प्रश्न उभा राहतो तो पेट्रोलचा, आणि त्याचे नेहमीचे उत्तर म्हणजे डिझेल इंजिन. १९८० नंतरच्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने डिझेल इंजिने होऊ लागली व ती महिंद्रच्या जीपांत बसू लागली; अशी जुनी इंजिने भंगार बाजारात मिळू लागल्यावर पेट्रोल जीपच्या मालकाला मार्ग सापडला. मार्ग सापडला, तरी तो सोपा नाही. डिझेल इंजिन वजनाने भारी, म्हणून पुढच्या पाट्यांत एक पाटा वाढवावा लागतो. इंजिन धरणारे आधार कापून पुन्हा वेल्ड करावे लागतात. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांस अनोळखी. त्यांच्यामध्ये लेथवर कातलेली जोडपट्टी बसवावी लागते, आणि ती केसभर तिरकी बसली तर क्लच महिनाभरही टिकत नाही. मेच्या उन्हात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा जुना रेडिएटर पुरत नाही. युद्धकालीन जीपची वीजव्यवस्था सहा व्होल्टची, ती बारा व्होल्टची करावी लागते.

सर्वांत फसवा भाग ब्रेकचा. पायाला हलका लागणारा आधुनिक ब्रेक बसवावयाचा, तर त्याला निर्वाताची मदत लागते. पेट्रोल इंजिनाच्या श्वासनलिकेत ती आपोआप मिळते. डिझेल इंजिनात हवेची वाट रोखणारी झडप नसल्यामुळे मिळत नाही. त्यासाठी निराळा पंप बसवावा लागतो, बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर. हे न जाणता ब्रेक बदलणारा मालक आमेरच्या पहिल्याच उतारावर शहाणा होतो. उलट, काही जुन्या गोष्टी बदलू नयेत हेही त्याला हळूहळू कळते. तेलात भिजलेला हवेचा जुना फिल्टर वाळवंटाच्या धुळीत उत्तम काम देतो. चारही चाकांची गती वाळूतच जोडावी, पक्क्या रस्त्यावर जोडली तर दात आणि सांधे यांवर नाहक ताण येतो. आणि वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधील थोडी हवा सोडावी, हे यंत्रापेक्षा चालवणाऱ्याचे ज्ञान.

जयपूर हे अशा कामाला सोयीचे गाव. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसवलेल्या या नगरात ठठेऱ्यांचा रस्ता, मणिहारांचा रस्ता अशी कारागिरांच्या नावांची आळीच आहे. त्याही आधी, १७२० मध्ये, जयगडावर जयबाण तोफ ओतली गेली. आग्रा रस्त्यावरील ट्रान्सपोर्टनगरात ट्रकांच्या दुरुस्तीवर जगणाऱ्या माणसाला जीपचा एखादा दुर्मीळ भाग नसला, तर तो घडवून देण्यात अवघड वाटत नाही.

आता या कथेत कायदा येतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात २००० साली दुरुस्ती झाली, आणि कारखानदाराने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करण्यास मनाई झाली. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ ठामपणे उचलून धरला. शेजारचे अलवर आणि भरतपूर हे जिल्हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. तेथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश आला, त्याची अंमलबजावणी कधी ढिली, कधी कडक होत गेली. जयपूर त्या सीमेबाहेर आहे. कायद्याचा हेतू वावगा म्हणता येणार नाही. अर्धवट माहितीने वेल्ड केलेले स्टिअरिंग मालकापेक्षा रस्त्यावरच्या परक्या माणसाचा जीव घेण्याचा संभव अधिक.

पण २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी जे सन्मानाचे नियम केले, त्यांत एक विचित्र कोडे उत्पन्न झाले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसी, शरीर वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येईल, असे ते नियम सांगतात. महाराजांच्या मोटारखान्यात आच्छादनाखाली उभ्या राहिलेल्या मोटारींना हा नियम शोभतो. जीप मात्र उभी राहून जगलीच नाही. जी जीप तशीच ठेवली ती बहुतेक गंजून भंगारात गेली, आणि जी टिकली ती इंजिन, पाटे, ब्रेक आणि पत्रा बदलतच टिकली. नियमाच्या दृष्टीने हा तिचा दोष ठरतो.

म्हणून जयपुरातील काही जाणते मालक एक खबरदारी घेतात. डिझेल इंजिन बसवण्याचा बेत मनात असला, तरी ते आधी नोंदणी कार्यालयात जाऊन विचारतात. आणि मूळ पेट्रोल इंजिन विकत नाहीत. ते तेल लावून, मेणकापडात गुंडाळून, पोर्चच्या कोपऱ्यात लाकडी फळ्यांवर ठेवलेले असते. दर दिवाळीला घर झाडताना त्याच्यावरची धूळ पुसली जाते, आणि क्रँकला एक फेरा देऊन ते अडकले नाही ना, हे पाहिले जाते.